लॅपटॉप मेलाय की नुसतं दिसत नाहीये?

रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन. ‘दादा, लॅपटॉप मेला.’

पोरगा इचलकरंजीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप गेमिंगचा, १५.६ इंची, घेऊन दीड वर्ष झालेलं. मी विचारलं, ‘पंखा फिरतोय का?’ फिरतोय म्हणाला. ‘कीबोर्डचे रंगीत दिवे?’ तेही लागलेत. ‘मग मेला कुठून?’ ‘अरे दादा, पण स्क्रीन काळीये ना!’ संध्याकाळी तो जवळच्या एका दुकानात जाऊन आला होता. तिथल्या माणसाने बटण दाबलं, पाच सेकंद बघितलं आणि ‘बोर्ड गेलाय’, म्हणजे मदरबोर्ड, म्हणून मोकळा झाला.

घोळ होतो तो इथेच. स्क्रीन काळी दिसली की आपण लॅपटॉप मेला असं धरून चालतो, आणि मग कोणी बोर्ड बदलायला निघतं, कोणी फॉरमॅट मारायला. खरं तर सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवायची असते. लॅपटॉपला वीजच मिळत नाहीये, वीज आहे पण चित्र नाही, की चित्र आहे पण विंडोज उघडत नाही? हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. दुकानदार ‘डेड’, ‘नो डिस्प्ले’ आणि ‘विंडोज करप्ट’ म्हणतात ते हेच तीन.

पहिली पायरी: दोन मिनिटं नुसतं बघा

लॅपटॉपला लावलेलं सगळं काढा. गेमिंगचा माऊस, हेडफोन, पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, सगळं. मागे राहिलेल्या पेनड्राइव्हवरून सुरू व्हायच्या नादात अडून बसलेले लॅपटॉप मी बरेच पाहिलेत. आता बटण दाबा आणि या गोष्टी पाहा: चार्जरच्या ठोकळ्यावर दिवा आहे का, चार्जिंगचा दिवा लागतो का, पंख्याचा आवाज येतो का, कुठला दिवा ठरावीक लयीत लुकलुकतो का, बीप वाजते का.

दिवा लुकलुकत असेल तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्या. ती लुकलुक म्हणजे लॅपटॉपची सांकेतिक भाषा असते. एचपीच्या काही लॅपटॉपवर कॅप्स लॉकचा दिवा आणि डेलच्या लॅपटॉपवर चार्जिंगचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून रॅम, प्रोसेसर की बोर्ड यांपैकी कुठे अडलंय ते सांगतो. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा तक्ता असतो. घाईत मोजताना हमखास चूक होते, म्हणून व्हिडिओ.

मग कॅप्स लॉकची कळ दोन-चारदा दाबा. दिवा लागून विझत असेल, तर आत कोणीतरी जागं आहे. बोर्ड, प्रोसेसर, रॅम काम करतायत आणि भानगड बहुधा स्क्रीनपुरतीच आहे. ही फुकटातली चाचणी पाच सेकंदांत होते, पण दुकानात सहसा कोणी करत नाही.

दुसरी पायरी: वीज

काहीच लागत नसेल, दिवा नाही, पंखा नाही, तर इथे थांबा. आधी भिंतीवरचा सॉकेट तपासा, त्यात मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्डवर भरवसा ठेवू नका, त्याचे पाते सैल झालेले असतात. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर साध्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतो, त्यामुळे सैल सॉकेटमध्ये आधी त्याचीच पंचाईत होते.

चार्जरवरचं लेबल वाचा. ‘आउटपुट’पुढे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. २० व्होल्ट गुणिले ११.५ अँपिअर म्हणजे २३० वॉट. १९.५ गुणिले ९.२३ म्हणजे १८०. तुमच्या लॅपटॉपसोबत आलेला चार्जर २३० वॉटचा असेल आणि तो हरवला म्हणून मित्राचा १८० चा लावला असेल, तर लॅपटॉप सुरू होईलही, पण गेम उघडला की बॅटरी उतरायला लागेल, वेग पडेल, कधीकधी झटकन बंदही पडेल. टाइप-सी पोर्टला लावलेला ६५ वॉटचा चार्जर ईमेल बघण्यापुरता ठीक. डेल, एचपीच्या कित्येक चार्जरच्या पिनेतून लॅपटॉप चार्जरची ओळखही तपासतो. ओळख पटली नाही तर बॅटरी चार्ज करायचंच नाकारतो. बाजारातला स्वस्त डुप्लिकेट चार्जर इथे नापास होतो.

एक आडवाट. चार्जिंगला लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं का? बहुतेक वेळा ती लॅपटॉपची चूक नसते. घरातल्या सॉकेटला अर्थिंग नसतं, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरवर लावलेला असतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हा प्रकार सर्रास दिसतो.

बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर चार्जर लावून अर्धा तास तसाच ठेवा, लगेच बटण दाबू नका. तरीही काही नाही, तर साठलेली वीज काढायची. चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघण्यासारखी असेल तर तीही काढा (आजकाल ती आतच असते), आणि पॉवरचं बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून पुन्हा सुरू करा. पॉवरचं बटण, चार्जिंग, झाकण यांच्यावर लक्ष ठेवणारा एक छोटा कंट्रोलर बोर्डवर असतो. तो अडकला की लॅपटॉप दगड होतो. या उपायाने तो नव्याने सुरू होतो. ऐकायला जादूटोण्यासारखं वाटतं, पण लाइट कमी-जास्त झाल्यावर किंवा पावसाळ्यात वीज चमकून गेल्यावर बंद पडलेले लॅपटॉप यानेच पुष्कळदा उठतात.

बॅटरीबद्दल एक गोष्ट मात्र गंमतीवारी नेऊ नका. टचपॅड वर आलंय, खालचं झाकण फुगलंय, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय, असं दिसलं तर चार्जर काढा आणि पुढचं काहीही करू नका. लिथियम बॅटरीत वायू साठून ती फुगते. तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, सुरू करून बघायचं नाही. थेट सर्व्हिस सेंटर.

तिसरी पायरी: वीज आहे, चित्र नाही

सगळ्यात जास्त गोंधळ याच पायरीवर होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आधी सोपी शक्यता. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (विंडोज आणि ग्राफिक्स यांच्यात दुभाष्याचं काम करणारं सॉफ्टवेअर) नव्याने सुरू होतो, बीप वाजते, आणि ड्रायव्हर अडकला असेल तर चित्र परत येतं. नाही आलं, तर विंडोज आणि पी दाबा. कधीतरी टीव्हीला जोडताना ‘फक्त दुसरी स्क्रीन’ निवडलेलं असतं आणि लॅपटॉप इमानेइतबारे नसलेल्या टीव्हीवर चित्र पाठवत बसतो. पी दाबून, थोडं थांबून बाणाच्या कळेने वर जाऊन एंटर मारा. आंधळेपणाने करायचं आहे, त्यामुळे दोन-तीन प्रयत्न लागतील.

मग खोलीतला दिवा घालवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि स्क्रीनवर तिरका प्रकाश टाकून जवळून पाहा. विंडोजची चिन्हं, घड्याळ, काहीही पुसटसं दिसतंय? मग चित्र येतंय, फक्त त्याच्या मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट गेलाय. पॅनेल (म्हणजे चित्र दाखवणारी स्क्रीन), केबल किंवा बोर्डवरचा बॅकलाइटचा भाग, या तिघांपैकी एक. ओएलईडी स्क्रीनला मात्र ही चाचणी लागू नाही, तिला वेगळा बॅकलाइट नसतोच.

आता एचडीएमआय केबलने टीव्ही किंवा मॉनिटर जोडा. इथे गेमिंग लॅपटॉपची एक खासियत समजून घ्यावी लागते. यात सहसा दोन ग्राफिक्स, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या दोन चिप, असतात: प्रोसेसरच्या आत असलेलं छोटं, आणि एनव्हिडिया किंवा एएमडीचं वेगळं मोठं. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन बहुधा छोट्याला जोडलेली असते. गेम मोठं ग्राफिक्स रंगवतं आणि चित्र छोट्याच्या हाती देतं. एचडीएमआयचं पोर्ट मात्र पुष्कळ मॉडेलांत थेट मोठ्याला जोडलेलं असतं. काही लॅपटॉपांत ‘मक्स स्विच’ असतो. त्याने स्क्रीनही थेट मोठ्या ग्राफिक्सला जोडता येते आणि गेमचा वेग थोडा वाढतो.

याचा तुम्हाला उपयोग काय? बाहेरच्या मॉनिटरवर चित्र स्वच्छ आलं, तर बोर्डचा मुख्य भाग, रॅम, मोठं ग्राफिक्स, विंडोज सगळे निर्दोष सुटले. संशयित उरले स्क्रीन, तिची केबल, बोर्डवरचा बॅकलाइटचा भाग आणि फार तर छोटं ग्राफिक्स. बाहेरही काही आलं नाही, तर अजून काही सिद्ध झालेलं नाही. लॅपटॉप मुळात सुरूच झाला नसेल, किंवा मोठं ग्राफिक्सच बसलं असेल. मक्स स्विचच्या सेटिंगशी खेळल्यावर लगेच स्क्रीन काळी झाली असेल, तर बाहेरचा मॉनिटर लावून ते सेटिंग परत ‘हायब्रिड’ करा.

अजून एक मजेशीर कारण. झाकण बंद झालं हे लॅपटॉपला चुंबकावरून कळतं. झाकणात बारीकसं चुंबक असतं आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. कीबोर्डच्या बाजूला चुंबकाचं कव्हर असलेला मोबाइल ठेवला, इअरफोनची डबी ठेवली, मनगटात चुंबकाचं कडं असलं, किंवा एकावर एक असे दोन लॅपटॉप ठेवले, की वरच्याला वाटतं झाकण लागलं, आणि तो झोपतो. टेबल मोकळं करून बघायला पैसे पडत नाहीत.

डेल आणि एलियनवेअरवाल्यांसाठी (तो डेलचाच गेमिंगचा ब्रँड) एक सोय: लॅपटॉप बंद करा, डी ची कळ दाबून ठेवा आणि पॉवरचं बटण दाबा. स्क्रीनवर एकामागून एक रंग येतात. रंग स्वच्छ आले तर पॅनेल शाबूत. रंगांमध्येही रेघ दिसली तर विंडोजला दोष द्यायचं कारण नाही.

आणि आता आमच्या मावसभावाचं प्रकरण. त्याने त्याच दिवशी नवी रॅम बसवली होती. हे त्याने तिसऱ्या फोनला सांगितलं! दुकानदाराने विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं, माझीच चूक. ‘बिघडायच्या आधी शेवटचं काय केलंस?’ हा खरं तर पहिला प्रश्न.

साधारण २०२२ नंतरच्या बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम असते. रॅम बदलली की पहिल्यांदा सुरू होताना लॅपटॉप तिच्याशी वेग जुळवून घेतो, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते. कधी मिनिटभर, कधी चांगली पाच-सात मिनिटं. पंखा फिरतो, दिवे लागतात, चित्र नाही. माणूस घाबरून बटण दाबून बंद करतो, आणि जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमच्या पठ्ठ्याने हे संध्याकाळपासून पंधरा-वीस वेळा केलं होतं. मी म्हटलं, ‘सुरू कर आणि दहा मिनिटं हात लावू नकोस. चहा करून घे.’ चहा झाला, पिऊन झाला, स्क्रीन काळीच. म्हणजे नुसती वाट बघून भागणार नव्हतं. ते पुढे येईलच.

स्क्रीन फडफडतेय, रेघा येतायत

इथे एकच कसोटी पुरते. लॅपटॉप सुरू होताना बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा. एसर, आसूस, डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ२, एचपीला एफ१०, एमएसआयला डिलीट. तिथे विंडोज नसतं, ड्रायव्हर नसतो. रेघा तिथेही असतील तर पॅनेल किंवा केबल. तिथे स्क्रीन शांत असेल आणि विंडोजमध्ये फडफडत असेल, तर ड्रायव्हर किंवा सेटिंग.

बायॉसमध्ये असतानाच झाकण हळूहळू मागे-पुढे करा. ठरावीक कोनात चित्र जात-येत असेल तर बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल दुखावलीये. केबल बदलणं पॅनेल बदलण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं, म्हणून दुकानात जाण्याआधी हे माहीत असलेलं बरं. गेमिंग लॅपटॉपचं झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असेल तर ती सोडा, मधोमध धरा.

विंडोजमधली फडफड असेल तर टास्क मॅनेजर उघडा: कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. बाकी सगळं फडफडतंय आणि टास्क मॅनेजर स्थिर आहे, तर एखादं ॲप गडबड करतंय. टास्क मॅनेजरही सोबत फडफडतोय, तर ड्रायव्हर. ही मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेली चाचणी आहे आणि चांगली आहे.

ड्रायव्हर बदलण्याआधी डिस्प्लेच्या ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा नव्याने रंगते तो आकडा) १४४ वरून ६० करून बघा. ६० ला शांत आणि १४४ ला फडफड, तर कधी दोष केबलचा निघतो, कारण जास्त वेगाला केबलमधून जास्त माहिती जावी लागते, आणि कधी वीज वाचवणाऱ्या सेटिंगचा. इंटेलच्या ग्राफिक्स ॲपमध्ये ‘पॅनेल सेल्फ रिफ्रेश’ असतं, एएमडीच्या ॲपमध्ये ‘व्हारी-ब्राइट’. ते बंद करून बघा. चार्जर काढला किंवा लावला की स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, तो मात्र बिघाड नाही. बॅटरीवर आल्यावर लॅपटॉप रिफ्रेश रेट आपोआप कमी करतो, तेवढीच ती उघडझाप.

लोगो येतो, पुढे जात नाही

कंपनीचा लोगो दिसला म्हणजे स्क्रीन, केबल, रॅम, बोर्ड यांच्याकडून परीक्षा पास. आता प्रश्न एसएसडीचा (विंडोज आणि फायली जिच्यात असतात ती डिस्क), विंडोजचा किंवा ड्रायव्हरचा.

‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर बायॉसमध्ये जाऊन एसएसडीचं नाव दिसतंय का पाहा. नाव नसेल तर एसएसडी सैल झाली किंवा गेली. नाव असेल, तर बूटच्या, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू व्हायचा त्याच्या, यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणा. बायॉसमधल्या बाकी कशालाही हात लावू नका. का, ते लवकरच कळेल.

लोगोखाली ठिपके गोल फिरतायत आणि मग काळोख, किंवा काळ्या स्क्रीनवर नुसता बाण, तर बहुधा ड्रायव्हर किंवा नुकतंच आलेलं अपडेट. बाण हलत असेल तर टास्क मॅनेजर उघडून ‘रन न्यू टास्क’मध्ये इंग्रजीत ‘एक्सप्लोरर’ असं टाइप करून बघा. पुष्कळदा डेस्कटॉप परत येतो.

तेही नाही, तर विंडोजच्या दुरुस्तीच्या खोलीत शिरायचं. लोगो दिसला, ठिपके फिरायला लागले, की पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच ओळखतं आणि निळ्या स्क्रीनवर दुरुस्तीचे पर्याय देतं. ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. तिथे माझा क्रम असा:

१. ‘स्टार्टअप रिपेअर’. चालला तर चालला, पाच-दहा मिनिटांचा खेळ.
२. ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर हे आधी.
३. ‘सिस्टिम रिस्टोअर’. जुना रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजची आधी जपून ठेवलेली अवस्था, असेल तरच.
४. ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, रीस्टार्ट, आणि ४ दाबून सेफ मोड. इंटरनेट हवं असेल तर ५.

सेफ मोड म्हणजे विंडोजचा उपवास. फक्त गरजेपुरत्या गोष्टी सुरू होतात, एनव्हिडिया-एएमडीचा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर चित्र दाखवतो. सेफ मोडमध्ये सगळं नीट दिसलं तर चोर सापडला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून टाका आणि लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा, तुमच्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर घाला. तो एनव्हिडियाच्या साइटवरच्यापेक्षा काही महिने जुना असेल, असू दे. नव्यातलं नवं घालायचा सोस गेमवाल्यांना फार असतो. ड्रायव्हर मुळापासून काढायला ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नावाचं फुकट साधन आहे. ते सेफ मोडमध्ये आणि वाय-फाय बंद ठेवून वापरायचं, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर आणून बसवतं.

फॉरमॅटबद्दल. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल काढून टाकायची. तेव्हा ‘विंडोज उघडत नाही, फॉरमॅट मारू’ असं कोणी पहिल्या मिनिटाला म्हणालं तर लॅपटॉप परत पिशवीत घाला.

त्या दिवशी बऱ्याच कंपन्यांना अजून एका गोष्टीने रडवलं, आणि ती घरच्या लॅपटॉपलाही लागू आहे: बिटलॉकर. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. होम आवृत्तीतसुद्धा, आणि तुम्हाला नीटसं न सांगता. बायॉसमध्ये सिक्युअर बूट (खात्रीच्या सॉफ्टवेअरवरूनच लॅपटॉप सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद केलं, बायॉस रीसेट केलं, बोर्ड बदलला, की लॅपटॉपला चोरीचा संशय येतो आणि तो ४८ आकडी किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात, रिकव्हरी कीच्या पानावर असते. लॅपटॉप आत्ता धड चालत असेल तर आजच ती काढून कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉपमध्येच ठेवू नका, कुलपाची किल्ली पेटीत टाकून पेटी लावल्यासारखं होईल.

विंडोज की हार्डवेअर याचा निकाल लागतच नसेल, तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, दुसऱ्या संगणकावर त्यात उबुंटू लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) तयार करा आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करा. इन्स्टॉल करायचं नाही, ‘ट्राय’ निवडायचं. अर्धा तास यूट्यूब चालवा. सगळं नीट चाललं तर लॅपटॉप बहुधा ठणठणीत आहे, आजारी आहे ते विंडोज, फार तर एसएसडी.

जाता जाता: विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नसतं. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा उघडतो, कालच्या बिघाडासकट. पूर्ण बंद करायचं तर शिफ्ट दाबून शट डाउन करा, किंवा सरळ रीस्टार्ट.

झाकण उघडायचंच असेल तर

वॉरंटी चालू असेल तर थांबा. काही कंपन्या रॅम-एसएसडी बदलायला हरकत घेत नाहीत, काही घेतात. आधी कागद वाचा.

उघडताना: चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा. स्क्रू काढाल तसे कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला की बोर्डात घुसतो. झाकण उचकटायला स्क्रू ड्रायव्हर नको, जुनं एटीएम कार्ड घ्या. आत हात घालण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढा. हे विसरलात तर पुढचं न केलेलंच बरं.

रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर केल्या की पट्टी तिरकी वर उठते. सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. शाळेचं खोडरबर फिरवायची आपल्याकडे पद्धत आहे, चालतं, पण हलक्या हाताने, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू न देता. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

आमच्या भावाला मी व्हिडिओ कॉलवर नवी पट्टी जवळून दाखवायला सांगितली. दातांची एक सोनेरी ओळ अजून बाहेर दिसत होती. पट्टी अर्धीच गेली होती. तुटेल या भीतीने त्याने जोरच लावला नव्हता. पट्टी तिरकी धरून पूर्ण आत ढकलायची, मग खाली दाबायची, दोन्ही खिट्ट्या ‘टक’ वाजल्या पाहिजेत. वाजल्या. सुरू केला, चार मिनिटं काळोख, मावशी मागून ‘झोपा आता’ म्हणतेय, आणि लोगो आला.

दुकानात जाताना

एवढं करूनही दुकान गाठावं लागलं, तर ‘बंद पडलाय’ असं सांगू नका. ‘कॅप्स लॉक चालतो, एचडीएमआयवर चित्र येतं, बायॉसमध्येही रेघ आहे’ असं सांगा. समोरच्याचा सूर तिथेच बदलतो, मग तुम्ही गल्लीतल्या दुकानात असा नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर.

पॅनेल बदलायचं ठरलं तर जुन्या पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो मागा. मॉडेल नंबर तिथे असतो, आणि त्यातला १५६ हा आकडा बहुधा १५.६ इंचांचा. १४४ हर्ट्झच्या पॅनेलला साधारणपणे ४० पिनांची केबल लागते, ६० हर्ट्झच्या साध्या पॅनेलला ३० पिनांची. ‘स्क्रीन तीच, स्वस्तात देतो’ म्हणत कोणी ६० वाली बसवली तर नुसत्या डोळ्यांना पटकन कळत नाही. पैसे देण्याआधी तिथेच बसून ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये १४४ चा पर्याय आहे का पाहा. काढलेला जुना भाग परत मागा. डेटा महत्त्वाचा असेल तर एसएसडी काढून घेऊन मगच लॅपटॉप द्या. बोर्ड बदलायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या ठिकाणी दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. ‘बोर्ड गेला’ हे निदान कमी आणि सुटका जास्त असते. कंपनी वॉरंटीत टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आमच्याकडे लोगो आला, पण रात्र संपली नव्हती. साहेबांनी रॅम बसवण्याआधी बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करून ठेवलं होतं. निळी स्क्रीन, ४८ आकडे. त्याच्या खात्यात किल्ली नव्हती. लॅपटॉप घेताना दुकानात काकांच्या ईमेलने खातं उघडलं होतं, आणि काकांना पासवर्ड आठवत नव्हता. मी त्याला सिक्युअर बूट पुन्हा चालू करायला सांगितलं. तेवढ्यावर लॅपटॉपचं समाधान झालं आणि किल्ली न मागता विंडोज उघडलं. तेव्हा पावणेदोन वाजले होते. दुसऱ्या दिवशी काकांच्या खात्यातून किल्ली मिळवून त्यांनी ती किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली, वर मोठ्या अक्षरात ‘लॅपटॉप’.